दर्भाचा कावळा

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून तिच्या लुगड्याची घडी घातली. ती अंगणाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. नऊवारी लुगडं वाळलं की एकट्यानं घडी घालायचं काम नाही, ते मातीत लोळतं. लग्न झाल्यापासून हे काम आम्ही दोघंच करत आलो. आणि लग्न झाल्यापासून ती मला एकच बोलणं बोलत आली, "ओढू नका वो. बैल हाय का मी?" मी त्याही दिवशी ओढलं. ती त्याही दिवशी बोलली. मग चालत पुढं आली, माझ्या हातातली टोकं स्वतःच्या हातात घेतली, घडी पोटाशी धरून तळव्यानं दाबली आणि ट्रंकेवर ठेवली. "सकाळच्याला न्हेसायचंय. तिकोणा पेठंला दहावा हाय," म्हणाली.

सकाळी ती चूल पेटवायला बसली. चूल पेटली. ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. तो म्हणणारच. मी म्हणतो, तिला झिजवून मारली. कुणी ते पुढं लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस आहे. मला आडून बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी बोललो नसतो.

तिचं नाव हौसा. आमच्या गावची उपसरपंच. गाव पवना धरणाच्या पाण्याला लागून, आणि वर डोंगराच्या कुशीत वाडी. वाडीची माणसं डोंगराची, मूळची. खाली आम्ही शेतकरी. तुम्ही हौसाला पाहिलं नाही म्हणून सांगतो. बुटकी, काळीसावळी, आवाज मात्र असा की वाडीवरून हाक मारली तर खाली आमची म्हैस कान टवकारायची. कपाळाला रुपयाएवढं कुंकू. चालताना नेहमी माझ्या पुढं. बायकोनं मागं चालावं असं कुणी म्हणालं की म्हणायची, "मागं चालले तर ह्यांच्याकडं ध्यान कोन देनार? पडतील कुटं."

सरपंचाला सगळे शेठ म्हणतात, तेव्हा मीही इथं शेठच लिहितो. जमिनीचे व्यवहार करतो. पाण्याच्या कडेला त्याचे तंबू आहेत, शनिवार-रविवारी शहरातली पोरंपोरी येऊन राहतात, गाणी लावतात. शेठ निवडून आला तेव्हा त्याला उपसरपंच असा पाहिजे होता की जो उद्या खुर्ची मागणार नाही. हौसा आमच्या वॉर्डातून मेंबर झालेली. त्यानं तिचं नाव सुचवलं, मेंबरांनी हात वर केले, झालं.

तिनं ग्रामसेवकाला विचारलं, "उपसरपंचाला काम काय आस्तं?" तो पोरगा चांगला होता. म्हणाला, "मावशी, सरपंच हजर असले तर काही नाही. नसले तर सगळं." ती घरी आली, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "समजलं. धाकटी जाऊ. थोरली घरात आसली की धाकटीनं भांडी घासायची. थोरली माह्यारी गेली की धाकटीनंच रांधायचं. आन् भाजी खारट झाली की थोरली आल्यावर सांगायची, ती धाकटीनं केलीवती."

मला वाटलं गंमत करते. तिनं एका दिवसात जे ओळखलं ते मला कळायला वर्ष गेलं.

शेठ लग्नांना जायचा. फेटा बांधायचा, स्टेजवर चढायचा, नवरानवरीच्या मधे उभा राहून फोटो काढायचा. झेंडा तो फडकावायचा, आमदाराला हार तो घालायचा. मयत मात्र हौसाला. आमच्या मावळात दहावा कसा होतो हे बाहेरच्यांना ठाऊक नसेल. घाटावर मांडव पडतो, लाऊडस्पीकर लागतो, महाराजांचं प्रवचन होतं, मग पुढारी एकेक उठून श्रद्धांजलीचं भाषण करतात. भाषणं झाली की पिंड ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत सगळा गाव ताटकळतो. कावळा शिवल्याशिवाय कुणी हलत नाही. शेठला मरणाच्या जागी जायचं वावडं. धंद्याच्या माणसाला बाधतं म्हणे. मग फोन यायचा, "बाई, मला लोणावळ्यात मीटिंग आहे. तेवढा दहावा तुम्ही करा." जसा काही तिच्याच घरचा दहावा.

तिनं त्यासाठी एक लुगडं वेगळं काढलं. करडं, बारीक काठाचं. ते ती लग्नाला, बाजाराला, देवाला कधी नेसली नाही. मी त्याला मरणाचं लुगडं म्हणायचो, ती सरकारी ड्रेस म्हणायची.

इतर पुढारी भाषणात मेलेल्या माणसाला डोंगराएवढा करायचे. मेलेला कोण आहे हेच त्यांना ठाऊक नसायचं. एकानं तर चालू भाषणात खाली वाकून नाव विचारलं. हौसा एकच गोष्ट सांगायची, पण ती त्याच माणसाची असायची. एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला माईक हातात घेऊन म्हणाली, "ह्या आबांनी आमची पहार न्हेली ती आजपातुर दिली न्हाई. पन मागाय गेलं का च्या पाजल्याबिगर कदी सोडलं न्हाई. पहार ऱ्हाऊ द्या त्यांच्याकडं." त्याची म्हातारी आधी हसली आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. तोवर ती रडली नव्हती.

एकदा कावळा काही केल्या येईना. ऊन चढलं. सगळ्यांनी मेलेल्याला वचनं देऊन झाली, पोरीचं लगीन करतो, म्हातारीला सांभाळतो. शेवटी गुरुजींनी दर्भाची काडी वळून कावळा केला आणि पिंडाला शिववला. तशी रीत आहे. खरा आला नाही तर दर्भाचा चालतो. घरी येताना हौसा वाटेत थांबली आणि मोठ्यानं हसली. म्हणाली, "अवो, मला माजं काम आज घावलं. मी म्हंजी दर्भाचा कावळा. खरा आला न्हाई का मला वळायचं आन् शिववायचं. जेवन खऱ्याच्या नावानं."

त्यानंतर फोन आला की ती ट्रंकेतून लुगडं काढायची आणि मला म्हणायची, "निगाला दर्भ."

एका पावसाळ्यात शेठच्या तंबूवर राहायला आलेला शहरातला एक पोरगा पाण्यात बुडाला. पोलीस आले, पोराचे आईबाप आले. शेठ कुठं? शेठ देहूरोडला कामात. फोन बंद. हौसा भर पावसात त्या बाईशेजारी चिखलात बसून राहिली. बाई विचारायची, "इथले सरपंच कुठे आहेत?" ही म्हणायची, "येत्यात." दुपार झाली. बाईनं परत विचारलं. ही म्हणाली, "येत्यात, बाई. तवर मी हाय." पोराला गाडीत घातला तेव्हा त्या बाईनं हिच्या मुस्काटात मारली. कुणाच्या तरी मारायचीच होती, समोर ही होती. हौसानं तिचा तोच हात धरून तिला गाडीत बसवलं. शेठ संध्याकाळी आला, कपडे कोरडे.

मी भडकलो. म्हणालो, राजीनामा फेक त्याच्या तोंडावर. ती गाल शेकत होती. म्हणाली, "तिला मारायला कोनतरी पायजे का नगं? सगळीच देहूरोडला गेली तर तिनं कुनाला मारायचं?"

हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आता झऱ्याचं सांगतो. वाडीच्या वर कातळात एक झरा आहे. उन्हाळ्यातही वाहतो. वाडीच्या बायका तिथून हंडे भरायच्या. त्या वाडीतली ठकू ही हौसाची जिवाभावाची. दर बाजाराच्या दिवशी ठकू मोळी किंवा रानभाजी घेऊन उतरायची, आधी आमच्या ओट्यावर टेकायची, चहा प्यायची आणि दोघी एकमेकींना शिव्या घालायच्या. "ये ग उपसरपंच, खुर्चीवरनं उठ, च्या टाक." "तुज्या बापानं ठिवलीया खुर्ची!" असं त्यांचं चालायचं. आमच्या मंदाच्या, म्हणजे आमच्या एकुलत्या पोरीच्या बाळंतपणाला सुदुंबऱ्याला हौसाबरोबर ठकूच गेलती.

एका संध्याकाळी शेठ आमच्या घरी आला. मी ओट्यावर होतो, माझ्या कानांनी ऐकलंय. "बाई, मला बीपीचा त्रास होतोय. लोणावळ्याला दवाखान्यात ॲडमिट होतोय. उद्याची ग्रामसभा तुम्ही घ्या. विषय एकच आहे. झऱ्याला टाकी बांधायची. वाडीच्या बायकांची पायपीट संपेल." हौसाला एवढा आनंद झाला की ती त्याच पावली वाडी चढली. घरोघर सांगत फिरली, उद्या सगळ्या जणी या, हात वर करा. आल्या की सगळ्या. ठकूनं तर दोन्ही हात वर केले. हौसा अध्यक्ष म्हणून बसली होती, तिनं ठराव झाला म्हणून सांगितलं. टाळ्या वाजल्या.

टाकी झाली. टाकीच्या बुडातून जाड पाइप निघाला तो खालच्या नव्या बंगल्यांना गेला. बंगले शेठच्या माणसांचे. टाकीच्या वरच्या कडेतून बोटाएवढा पाइप निघाला तो वाडीला. ज्याला पाण्याचं कळतं त्याला मी काय म्हणतो ते कळेल. बुडातून सतत उपसत राहिलं तर वरच्या कडेला पाणी पोचणार कधी? बंगल्यात पोहायचे हौद भरले, गवताला फवारे लागले, आणि वाडीच्या बायका कोरडी तोटी फिरवत बसल्या. झऱ्यावर हंडा लावायची सोय उरली नव्हती, तो टाकीत कोंडला होता.

वाडीवाले शेठकडं गेले. शेठ म्हणाला, "मी तर दवाखान्यात होतो. सभा उपसरपंचबाईंच्या अध्यक्षतेखाली झाली. तुम्हीच हात वर केले." 

बाजाराच्या दिवशी ठकू आली. ओट्यावर बसली नाही, कुंपणाशी उभी राहिली. हौसानं पाण्याचा तांब्या दिला. ठकूनं तो घेतला, हौसाच्या डोळ्यांत बघत सगळा जमिनीवर ओतला आणि म्हणाली, "बंगल्यावाल्यास्नी पाज." आणि गेली. परत आली नाही. वाडीतल्या हळदीला बोलावणं येईना. वाटेत बायका पदर तोंडावर ओढून पलीकडून जायच्या.

हौसा शेठच्या घरी दोनदा गेली. दोन्ही वेळा तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. मी म्हणालो, वाडीवर जा, मोठ्यानं सांग तुला फसवलं म्हणून, तुला आवाज दिलाय देवानं. ती म्हणाली, "सभा माज्या म्होरं झाली. म्हंजी माजी." मी म्हणालो, अगं पण केलं त्यानं. ती म्हणाली, "मी फसले म्हनून बोंब मारली तर वाडी म्हनंल, मग तू हितं बसलीस कशाला? खरंच हाय त्यांचं." तिच्या त्या न बोलण्यावर शेठ जगला. तिला जेवण जाईना. चालताना ती आता माझ्या मागं राहू लागली. दम लागतो म्हणायची.

तर अशी ती चुलीपुढं बसली आणि गेली.

अंत्यविधीला शेठ आला नाही. मला वाटलं बरं झालं. पण निवडणूक तोंडावर आली होती. तिसऱ्या दिवशी तो सावडायला आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आबा, दहाव्याचं सगळं माझ्याकडे. मांडव, महाराज, जेवण. गावाला शोभेल असं करू." मंदा नको म्हणायला लागली. मी तिला गप्प केलं. शेठला म्हणालो, "करा. लाऊडस्पीकर तेवढा मोठा आना. वाडीवर ऐकू गेलं पायजे."

मी मनात ठरवलं होतं की माईक घेऊन मीच सगळं बोलायचं. पण जसजसे दिवस जवळ आले तसं कळलं, मी बोलून उपयोग नाही. नवराच तो, दुःखात बोलतो म्हणतील. हे शेठच्याच तोंडून निघायला पाहिजे होतं. ते कसं काढायचं हे मला दहाव्याच्या सकाळपर्यंत सुचलं नव्हतं.

घाटावर फ्लेक्स लागला होता. हौसाचा फोटो ताटलीएवढा, शेठचा परातीएवढा. सहा गावची माणसं. आणि लांब, वर रस्त्याच्या कडेला, वाडीची माणसं. वैर असलं तरी आमच्याकडं दहाव्याला येतात, पण मांडवात आली नाहीत. पोरगा नाही म्हणून क्रिया मीच करत होतो, डोकं भादरून, उघड्या अंगानं बसलेलो.

शेठ बोलायला उठला. पांढरे कपडे, हातात रुमाल. "हौसाबाई मला थोरल्या बहिणीसारख्या. माझ्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केलं. झऱ्याच्या बाबतीत त्यांच्याकडून एक निर्णय झाला, त्यावरून काही बांधव नाराज झाले. पण गेलेल्या माणसाची चूक आपण पोटात घालावी, अशी मी हात जोडून विनंती करतो."

मेल्यावरही. तिच्या पिंडापुढं उभा राहून त्यानं भाजी खारट धाकटीनं केली म्हणून सांगितलं.

मी पिंड ठेवला, मागं सरलो. आणि लगेच करंजावरून कावळा उतरला. हौसाला कुणाला ताटकळत ठेवायची सवयच नव्हती. लोक कौतुकानं कुजबुजले, पुण्यवान बाई. कावळा उड्या मारत पिंडाच्या वीतभर जवळ आला.

मी उठलो आणि खांद्यावरचं उपरणं फिरवून त्याला हाकलला.

मंदा ओरडली, "आबा! काय करताय!" गुरुजी म्हणाले, "अहो, असं करू नये. आत्मा अडकतो."

मी म्हणालो, "आडकलेलीच हाय. शेठ, तिची इच्छा ऱ्हायलीया. माईक घ्या."

शेठनं लोकांकडं बघून मान हलवली. "आबा दुःखात आहेत. आबा, मी सर्वांच्या साक्षीनं सांगतो, हौसाबाईंच्या नावानं गावाला कमान बांधतो."

कावळा परत उतरला. मी परत हाकलला.

"कमान तिला नगं. झऱ्याची सभा कुनी ठरवली, तिला काय सांगून बसवली, ते बोला."

आता ऊन तापायला लागलं. कावळे करंजावर बसून बघत होते, खाली यायला तयार नाहीत. गुरुजी घाबरले, त्यांनी पिशवीतून दर्भ काढला, काडी वळायला लागले. मी त्यांचा हात धरला. "गुरुजी, दर्भाचा नगं. तिनं जन्मभर तेच केलं. आज खराच पायजे."

कुणी हलू शकत नव्हतं. कावळा शिवल्याशिवाय निघून जाणारा माणूस आमच्याकडं अजून जन्मला नाही. शेठसुद्धा नाही, निवडणूक तोंडावर असताना तर नाहीच. मागं जेवणाच्या पातेल्यांचा वास सुटला होता. एक म्हातारी मांडवातून ओरडली, "बोल की रं शेठ! प्वॉरं उपाशी हायती." मग दुसरीकडून आवाज आला, "बोला, बोला." मी काही केलं नाही. मी उपरणं हातात धरून नुसता उभा राहिलो. त्याला घाम फुटलेला मी बघत होतो, आणि खोटं कशाला लिहू, मला गोड वाटत होतं.

शेठ खालच्या आवाजात मला म्हणाला, "मला ठाऊक होतं बंगल्यांचं. बास?"

मी म्हणालो, "माईकवर."

त्यानं माईक तोंडाला लावला. "बंगल्यांना पाणी द्यायचं आधीच ठरलं होतं. हौसाबाईंना मी सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त टाकी सांगितली."

"आन् दवाखाना?"

"मला... बीपी नव्हतं."

मांडवातून एक म्हातारा म्हणाला, "आता झालं आसंल." लोक हसले. दहाव्याला हसले. हौसाला आवडलं असतं.

"आन् पानी?"

"उद्या सकाळी मी स्वतः वर येऊन वाडीचं पाणी वाडीला जोडून देतो."

आवाज डोंगरावर जाऊन आदळला आणि परत आला. लाऊडस्पीकर त्यानंच मोठा आणला होता.

मी उपरणं खांद्यावर टाकलं, मागं सरलो, हात जोडले. या म्हणालो. कावळा आला नाही. एकही नाही. थोडा वेळ गेला, बराच वेळ गेला. ती आली होती, सगळ्यांत आधी आली होती, आणि मीच तिला ताटावरून दोनदा उठवलं होतं. शेठ माझ्याकडं बघत होता. त्याच्या तोंडावर मला हसू दिसलं, नसेलही. गुरुजींच्या हातात ती दर्भाची काडी तशीच होती.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली. वरून रस्त्याकडून ठकू उतरली. मांडवातून सरळ चालत पिंडापुढं येऊन बसली, पाय पसरून, आमच्या ओट्यावर बसायची तशी. आणि मोठ्यानं म्हणाली, "ये ग उपसरपंच. लय भाव खाल्लास. आपल्यापाई मानसं उनात हुबी हायती. आन् मी तुला... मी तुज्या हातचं पानी वतलं, त्याचं मला काय ते दे, पन आता ये."

कावळा उतरला. ठकूच्या अंगावरून गेल्यासारखा उतरला आणि त्यानं पिंडाचा भात चोचीत घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंकेवरचं लुगडं घेतलं. आमची दोघांची घडी अजून तशीच होती, मी ती मोडली. वर गारठा असतो, ते अंगावर घेतलं. भिंतीवरचा मोठा पाना घेतला आणि वाडी चढलो. टाकीपाशी गेलो. शेठ येतो म्हणाला होता, मी सूर्य चांगला वर येईपर्यंत वाट पाहिली. कुणी आलं नाही. मग जाड पाइपाच्या व्हॉल्व्हला पाना लावला आणि पिळून बंद केला. म्हाताऱ्या हातानं जेवढा आवळतो तेवढा आवळला, मग पायानं पाना दाबून आणखी आवळला. आणि त्या व्हॉल्व्हवरच बसलो.

टाकी भरायला लागली. वाडीच्या पाइपात आधी खाकरल्यासारखा आवाज आला, मग तोटीतून पाणी पडलं. ठकूनं पहिला तांब्या भरला आणि मला आणून दिला. मी तो सगळा प्यायलो.

मग खालून मोटरसायकल आली. शेठ नव्हता. पंचायतीचा एक मेंबर होता, बिचारा, घाम पुसत चढला. म्हणाला, "आबा, बंगल्यांचं पाणी बंद झालंय, फोनवर फोन येतायत. शेठना अचानक लोणावळ्याला जावं लागलं. उपसरपंचाची जागा रिकामी आहे, म्हणून मला पाठवलं. तुम्ही उठा, आपण बोलून घेऊ."

मी लुगडं अंगाभोवती घट्ट घेतलं. पाना मांडीवर ठेवला.

"तू चांगला हायस. तुज्यावर माजा राग न्हाई," मी म्हणालो. "खाली जा. त्याला सांग, मी हितं बसलोय. खऱ्यालाच यावं लागंल."